गळ्याची वायर

वाजवणारी चार माणसं एका खोलीत कोंडून बघा. वर्षभरात गाणी चार बसतील अन् किस्से चाळीस निघतील! त्यात एखादं यंत्र आणून ठेवलं तर मग विचारूच नका. कळंबच्या स्टँडवर आजबी लोक मला धरून बसवतात, "बब्रूभाऊ, ती हेलिकॉप्टरची गंमत सांगा की!" मी सांगतो. ते पोट धरून हसतात. मी घरी येतो अन् भाकर गोड लागत न्हाय.

कारण हे किस्से सुटे सुटे सांगितले की गमतीचे वाटतात. एकामागं एक लावले की सगळे एकाच माणसापाशी जाऊन थांबतात. सोपानमास्तर. झेडपीच्या शाळेत मास्तर अन् आमच्यातले गायक. स्वतः रचायचे, स्वतः पेटीवर बसायचे, स्वतः गायचे. जयंतीला त्यांचं गाणं, बुद्धपौर्णिमेला त्यांचं, अन् गावातल्या पाटलाकडं बारसं असलं तरी बोलावणं त्यांनाच. त्यांनी पहिला सूर लावला की मांडवातली भांडणं थांबायची, हे म्या माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तो आवाज जायच्या आत कुठंतरी धरून ठेवायचा होता. आमच्याकडं एवढं एकच काम होतं. आता ऐका आमी काय केलं ते.

* * *

ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. पाऊस न्हवता, पण सोसायट्या उदंड! दुधाची सोसायटी, सुताची सोसायटी, कोंबड्यांची सोसायटी. आमच्यात विठ्ठलअण्णा म्हणून क्लॅरिनेट वाजवायचे, घरचे मोठे बागायतदार, बाग वाळली होती ती गोष्ट वेगळी. त्यांनी वादकांची सोसायटी काढली अन् स्वतः चेअरमन झाले. मार्केट यार्डामागं एक पत्र्याची खोली घेतली, बाहेर पाटी लावली. ढोलकीला मी, पेटीला अन् गायला मास्तर.

त्या उन्हाळ्यात मास्तरांच्या पेटीचा भाता तडकला. सोसायटीनं तिच्या जागी जपानी सिंथेसायझर आणला. पट्ट्या पेटीसारख्याच काळ्या-पांढऱ्या, पण बटण दाबाल तो आवाज! पेटी, सनई, व्हायलिन, बासरी, शंभर आवाज.

आता शंभरातला कुठला लावायचा? चेअरमन म्हणले, "ठराव घेऊ."

अन् खरंच घेतला! 'गवळण सनईच्या आवाजात वाजवावी. सूचक: बब्रुवान. अनुमोदक: सोपानमास्तर. ठराव सर्वानुमते मंजूर.'

मास्तरांनी हात वर केला. "चेअरमनसाहेब, एक उपसूचना हाय. गायकाला मधूनमधून श्वास घ्यायची परवानगी असावी."

चेअरमननं तीबी लिहून घेतली!

* * *

आता हेलिकॉप्टर.

साखर कारखान्यावर एका जुन्या संचालकाची शोकसभा होती. मास्तर हळू आवाजात सूर धरून बसलेले. त्याच दिवशी कुणीतरी मंत्री दुष्काळी दौऱ्यावर यायचे होते, तेबी सभेला येणार म्हणून सभा सुरूच करंनात. तीन तास झाले. मांडवाखाली माणसं उकडून निघत होती. चेअरमन मास्तरांच्या कानाशी लागायला वाकले अन् त्यांचं कोपर सिंथेसायझरच्या भलत्याच बटणावर पडलं.

फड फड फड फड!

"आलं! हेलिकॉप्टर आलं!" सगळा मांडव उठला. कारखान्याचे अधिकारी हार घेऊन पळाले, गयावया करायला आलेले सरपंच अर्ज घेऊन पळाले, गेलेल्या माणसाचा सख्खा भाऊबी पळाला. सगळी माणसं रानात उभी राहून कपाळाला हात लावून वर बघायली. वर काय असणार? पांढरंफेक आभाळ. मास्तरांना बटण सापडेपर्यंत अर्धा कोस माणूस पांगलं होतं.

मंत्री शेवटपर्यंत आले न्हाईत. लोक माना खाली घालून परत आले. त्यातला एक म्हातारा मास्तरांपुढं येऊन बसला. चिडला न्हवता. म्हणला, "मास्तर, हेलिकॉप्टर तर झालं. आता ढगाचं बटण असंल तर तेवढं दाबा."

घरी येऊन आमी शोधलं. ढगाच्या गडगडाटाचं बटण होतं! पण कुठल्याच कार्यक्रमात दाबलं न्हाय. लोकांना दुसऱ्यांदा फसवायचं धाडस झालं न्हाय.

* * *

मास्तर कॅसेट काढू द्यायचे न्हाईत. "गाणं समोर बसून ऐकावं. डब्यातून कशाला?" असं म्हणायचे. तरी एका जयंतीला कुणीतरी चोरून टेपवर धरलं होतं. ती एकच कॅसेट. फिरत फिरत ती टँकरच्या ड्रायव्हरकडं गेली.

ह्या ड्रायव्हरनं टँकरवर कर्णा बसवला होता. गावाच्या शिवेवर आला की मास्तरांचं गाणं लावायचा. बाया गाणं ऐकून घागरी घेऊन पळायच्या. हॉर्नची गरजच न्हाय! मास्तर वर्गात शिकवत असले अन् लांबून स्वतःचाच आवाज आला की पोरांना सुट्टी द्यायचे, "जा, आईला मदत करा."

पण टँकर आधी गावातल्या हौदावर जायचा. मास्तरांची वस्ती शेवटी. तिथं येईस्तवर टँकरच्या तळाशी नुसता गाळ! कर्णा मात्र जोरात. एक दिवस मास्तर दारात उभे होते. शेजारची म्हातारी रिकामी घागर घेऊन परत आली, त्यांच्याकडं बघून म्हणली, "सोपाना, तुजं गाणं तेवढं पोचलं बाबा. पाणी त्येंच्याकडंच ऱ्हायलं!"

मास्तर त्या दिवशी जेवले न्हाईत, असं शांतावहिनींनी म्हणजे त्यांच्या मंडळींनी मला सांगितलं.

पुढं मे महिन्यात ती कॅसेट टँकरच्या काचेखाली उन्हात पडली अन् पापडासारखी वाकडी झाली. ड्रायव्हर रडवेला होऊन माफी मागायला आला. मास्तर हसले, "बरं झालं. आता निदान माझा आवाज ऐकून पाणी तरी मागं फिरणार न्हाय."

मीबी हसलो तवा. एकच कॅसेट होती, हे काय डोक्यात आलं न्हाय.

* * *

दुसऱ्या वर्षी मास्तरांचा आवाज बसला. खडूची धूळ असंल म्हणून गुळण्या केल्या, काढे घेतले. दोन महिने झाले, तीन झाले, चढ्या सुरावर आवाज फाटायला लागला. तंबाखूला कधी हात न लावलेला माणूस! शेवटी मी त्यांना उमरग्याला एका दवाखान्यात घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरनं सोलापूरला तपासायला पाठवलं. कागद घेऊन परत उमरग्याला आलो.

डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याला सांगायचं जिवावर आलं होतं. "मास्तर, गाठ वाईट आहे. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल. पण त्यानंतर तुम्हाला बोलता येणार नाही."

मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणले, "बोलायचं जाऊ द्या, डॉक्टरसाहेब. गाता येईल ना?"

डॉक्टरला वाटलं चेष्टा केली. तो हसला. मग त्यानं माझ्याकडं बघितलं अन् त्याचं हसू तिथंच विरलं.

पंधरा दिवसांनी सोलापूरला यायला सांगितलं.

* * *

दवाखान्यासमोर हायवेला रफिकचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमचा अ‍ॅम्प्लिफायर तोच बघायचा, जुनी ओळख. चार वर्षं आखातात वाद्यांच्या दुकानात काम करून आलेला. आमी तिथं टेकलो, सगळं सांगितलं. रफिक मास्तरांचा भक्त. उठला, आतून चादरीत गुंडाळलेलं एक खोकं आणलं.

"मास्तर, टेन्शन नक्को. ये कॉम्प्युटर है. इसकू तुमारे सिंथेसायझर की वायर जोडते. जो बजाएंगे सब इसके अंदर. टेप घिसता, ये नै घिसता. सौ साल वैसाच!"

शंभर वर्षं! मास्तरांनी त्या खोक्यावर हात फिरवला. ज्यानं आयुष्यभर कॅसेट काढू दिली न्हाय, तो माणूस पोरासारखा विचारायला लागला, "खरंच? जसंच्या तसं?"

"हौ! जैसे का वैसा!"

एसटीत खोकं मांडीवर घेऊन रफिक कळंबला आला. सिंथेसायझरला जाड वायर जोडली. मास्तरांनी तोंडानं काही न म्हणता दोन ओळी नुसत्या वाजवून बघितल्या. मग रफिकनं कळ दाबली. अन् काय सांगू! मास्तरांचे हात मांडीवर, पट्ट्या जागच्या जागी, अन् सिंथेसायझर आपला आपण वाजतोय! तीच मुरकी, तीच अडखळ. हुबेहूब! चेअरमन हात जोडून उभे राहिले.

एवढ्यावर थांबले असते तर बरं झालं असतं. आमच्यात नवं वाद्य आलं की त्याला हळदकुंकू लावायची पद्धत. दुसऱ्या दिवशी सकाळी चेअरमन आमच्या आधी येऊन बसलेले. कॉम्प्युटरला लावलं, वायरीला लावलं. मग रफिक जपून ठेवायचा ती चौकोनी फ्लॉपी हातात घेतली. तिचं पत्र्याचं झाकण सरकवलं अन् आत जी काळी चकती असते, तिच्यावर मधोमध बोट टेकवलं!

रफिक आला. फ्लॉपी बघितली अन् मटकन खालीच बसला. "चेअरमनसाब, ये क्या किये? इसमेंच तो सब प्रोग्राम था. मर गया वो!"

चेअरमन तडकले, "पूजेनं कुणी मरतं का?"

ती एकच फ्लॉपी होती. दुसरी मिळणार हैदराबादला. रफिक ट्रकमध्ये बसून गेला, पाचव्या दिवशी परत आला. पंधरातले सहा दिवस तिथंच संपले. मास्तरांनी आवाज राखायचा म्हणून बोलणं सोडलं होतं. वर्गात फळ्यावर लिहून शिकवायचे. पोरांनी घरी सांगितलं, मास्तर पाण्यासाठी मौनात बसलेत. गावातले लोक त्यांना भेटून पाठिंबा देऊन गेले!

* * *

आता वीज. आमच्याकडं एरवी विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की व्होल्टेज झोपायचं. पण त्या वर्षी विहिरीच आटल्या होत्या, मोटारी बंद. भर दुपारी बल्ब असा पेटायचा की बघवत न्हवतं. रफिक म्हणला, "इतना अच्छा व्होल्टेज मैं कब्बी नै देखा." दुष्काळानं आमाला दिलेली ही एकच गोष्ट.

तरी स्टॅबिलायझर लावला. त्याला तीनच पिना बसायच्या. अ‍ॅम्प्लिफायर, सिंथेसायझर अन् टेप. टेप म्या घरून आणला होता. म्हणलं, असू द्या जोडीला. पण मग कॉम्प्युटर कुठं लावायचा?

"टेप में खर्रखर्र आता, बब्रूभाई," रफिक म्हणला.

म्या टेपची पिन काढली. ह्या हातानं. काढली, वायर नीट गुंडाळली, टेप पिशवीत घातला अन् पिशवी खुंटीला टांगली.

दोन दुपारी मास्तर गायले. अकरा गाणी. दहा दिवसांचं साठवलेलं सगळं बाहेर काढलं त्यांनी. आवाज फाटत होता, पण जिथं फाटत होता तिथं काळीज हलत होतं. मी ढोलकी वाजवत होतो अन् डोळे पुसायला हात मोकळा न्हवता. चेअरमननं क्लॅरिनेट खाली ठेवलं, म्हणले, "माझ्यानं न्हाय फुकवत." मास्तर गातील तसतशा पडद्यावर रेघा उमटत होत्या, भराभर सरकत होत्या. आमाला वाटलं, हाच आवाज.

शेवटच्या गाण्यात मास्तरांना खोकला आला. शांतावहिनी दाराशी बसल्या होत्या. त्यांनी रफिकला विचारलं, "आता ह्यो खोकलाबी आत गेला का?"

"निकाल सकते, भाभी."

"राहू द्या," वहिनी म्हणल्या. "त्येंचाच हाय."

गाणं संपलं अन् लाईट गेली. फ्लॉपीवर सगळं उतरलं होतं, ती रफिकनं छातीशी धरली. पुन्हा लावून ऐकायचं राहिलं. सकाळच्या एसटीनं मास्तर सोलापूरला गेले.

* * *

ऑपरेशन झालं. मास्तर अजून दवाखान्यातच होते. आमी तिघांनी ठरवलं, अकरा गाण्यांची कॅसेट करायची अन् ते घरी आले की हातात द्यायची. वहिनी म्हणल्या होत्या, जयंतीला तीच लावू.

रफिकनं फ्लॉपी घातली. गाणं सुरू झालं. पेटीचा तुकडा आला, छान आला. मग मुखडा. नुसती पेटी. आवाज न्हाय. मला वाटलं बटण कमी असंल. रफिकनं वाढवलं. पेटी मोठ्यानं यायला लागली. अंतरा आला. नुसती पेटी. ढोलकीबी न्हाय. जिथं मास्तर तान घ्यायचे तिथं पेटी गप्प, अन् त्या गप्प जागेत काहीच न्हाय.

अकराच्या अकरा लावली. रफिकनं वायरी काढल्या, घातल्या, पुन्हा काढल्या. मग इंग्रजी पुस्तक उघडून बसला. वाचता वाचता त्याचा चेहरा उतरत गेला.

"बब्रूभाई, ये खाली उंगल्यां पकडता. कौनसी पट्टी दबाई, कितना जोर से दबाई, कब छोडी. बस."

"अन् गळा?"

"गळे की वायरच नै इसकू."

"मग तू दुकानात बघितलं न्हवतंस का रे?" म्या त्याची कॉलर धरली होती, हे मला मागनं कळलं.

"दुकान में तो खाली बाजाच बजता था. मेरेकू लगा, गानेवाला छुट्टी पे है..."

म्या कॉलर सोडली. त्याला काय म्हणायचं? टेपची पिन त्यानं काढली न्हवती. पिशवी अजून खुंटीलाच होती. चेअरमननं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं अन् धोतराचा सोगा तोंडाला लावला. मला त्या दिवशी कुणीतरी शिव्या द्यायला पाहिजे होत्या. कुणी दिल्या न्हाईत. अजूनबी दिल्या न्हाईत.

* * *

मास्तर परत आले. गळ्याला भोक, त्यावर पांढरा रुमाल. आमी भेटायला गेलो, इकडचं तिकडचं बोललो. कॅसेटचं नाव काढलं न्हाय. त्यांनी दोनदा खुणेनं विचारलं. एकदा रफिक म्हणला वायर जळाली, एकदा म्या म्हणलं लाईट न्हाय. वहिनींना खरं सांगितलं होतं. त्या म्हणल्या, "तुमीच सांगा त्येंला. माज्यानं व्हणार न्हाय."

एका रविवारी दुपारी मास्तर स्वतःच खोलीवर आले. वहिनी बरोबर होत्या. काखेत शाळेतली पाटी, खिशात पेन्सिल. बाजेवर बसले अन् पाटीवर लिहिलं, 'लावा.'

रफिक माझ्याकडं बघायला लागला. म्या खुंटीवरच्या पिशवीकडं बघितलं. मग म्हणलं, लाव बाबा. ऐकू दे त्येंला.

पहिलंच गाणं लावलं. पेटी सुरू झाली. मास्तरांनी डोळे मिटले. मुखडा आला तशी मी मान खाली घातली. चेअरमन भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. वहिनींनी पदर तोंडात धरला. अंतरा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. नुसती पेटी. मास्तरांची बोटं मांडीवर त्याच जागी पडत होती. रुमाल आत-बाहेर होत होता, पण आवाज कसलाच न्हवता. गाणं संपलं.

"मास्तर," रफिक रडायलाच लागला, "मेरेकू माफ करो. इसमें..."

मास्तरांनी हात वर करून त्याला थांबवलं. पाटी मांडीवर घेतली, बाहीनं पुसली. सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं अन् आमच्यापुढं धरली.

'पट्टी फार वर आहे. उतरवा. मला चढत नाही.'

मग रफिकनं डोळे पुसले अन् विचारलं, "कितनी, मास्तर?"

मास्तरांनी दोन बोटं दाखवली.

रफिकनं दोन पट्ट्या उतरवल्या. म्या ढोलकी उतरवून घेतली. अन् मास्तरांनी कोपऱ्यातला माईक ओढून आणला, आपल्या उंचीला लावला अन् त्याच्यापुढं बसले.